सर्व्हर रूममधली मिठाई

मित्सुए कुरोतानीला कोणी मत्सरी म्हटलं असतं, तर तिने ते हसण्यावारी नेलं असतं. मत्सर करायला समोरचं माणूस आपल्या तोलाचं लागतं, असं तिचं म्हणणं. आणि ही साओरी इनामी म्हणजे कोण? कालपरवा टोकियोहून आलेली पोर. चहाचे कप कुठल्या कपाटात असतात तेसुद्धा तिला विचारावं लागायचं. हे सगळं मित्सुए स्वतःला रोज सकाळी समजावायची, आणि इनामी लिफ्टमधून बाहेर आली, चार जणांनी माना वर करून "इनामी-सान, एक मिनिट" म्हटलं, की ते समजावणं रोज नव्याने फुकट जायचं. खोटं कशाला बोला, जळत होती बाई. तोंडाने हसत होती आणि आतून जळत होती.

तोयामातली ही औषधांची कंपनी. हॉस्पिटलांना लागणाऱ्या पुड्या आणि गोळ्यांची पाकिटं इथे भरतात, त्यांच्यावर लेबलं छापतात, आणि हा सगळा कारभार चालतो तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हर रूमच्या जिवावर. ती खोली मित्सुएने उभी केली होती. पहिला सर्व्हर आला तेव्हा तो लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने चढवला. त्याला खालून खांदा देणाऱ्यांत ती होती. तेव्हापासून कंपनीत कोणाचं काही अडलं की तिच्याच नावाचा पुकारा. "कुरोतानी-सान, प्रिंटर रुसलाय." "कुरोतानी-सान, पासवर्ड परत विसरलो हो." ती म्हणायची, "आता कपाळावर गोंदवून घ्या," आणि हातातला चहा निवायच्या आत काम करून द्यायची. घरी नवरा तिला फक्त टीव्हीचा रिमोट शोधायला हाक मारायचा. इथे सगळी कंपनी तिच्या तोंडाकडे बघायची.

मग शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कारखान्याचे सगळे कॉम्प्युटर चोरांनी बंद पाडले आणि ते उघडून द्यायचे पैसे मागितले. इथल्या साहेबांची झोप उडाली. त्यांनी सुरक्षेसाठी म्हणून इनामीला आणलं. शिकलेली, हसरी, आवाज एवढासा, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी माफी मागणारी. तिने पहिल्याच बैठकीत माफी मागितली आणि मित्सुएच्या नाकावर टिच्चून म्हणाली, "ही मेलची पद्धत बंद करावी लागेल. फाइल कुलूपबंद करून पाठवायची आणि मागोमाग दुसऱ्या मेलने किल्ली पाठवायची. म्हणजे दाराला कुलूप घालायचं आणि किल्ली त्याच दाराला टांगायची. पहिला मेल चोरणारा दुसरा सोडून देईल का?"

सगळे हसले. हिशेब विभागातला ताबाता तर मांडीवर थाप मारून हसला. ती पद्धत मित्सुएने सुरू केली होती. त्याबद्दल तिला कंपनीने प्रशस्तिपत्र दिलं होतं, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, आणि ते घड्याळ त्याच खोलीत इनामीच्या डोक्यावर टिकटिक करत होतं. मित्सुएही हसली. त्या दिवशी घरी जाऊन तिने मुळा असा किसला, की नवऱ्याने मुकाट्याने स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं.

तरी एका गोष्टीवर तिचा जीव टांगलेला होता. सर्व्हर रूमच्या दाराशेजारी एक छोटी पाटी होती: "जबाबदार", आणि पुढे नाव. सध्या नाव मिझुकोशी काचोंचं, म्हणजे विभागप्रमुखांचं. पण काचोंची शरद ऋतूत ओसाकाला बदली ठरली होती, आणि पाटीवर दुसरं नाव यायचं होतं. एवढी वर्षं त्या दारातून आतबाहेर करताना मित्सुएने मनातल्या मनात तिथे आपलं नाव कितीदा वाचलं असेल. पगार राहू दे, मान राहू दे, ती पाटी तिला हवी होती.

जुलैच्या सुरुवातीला ऑफिसची पार्टी झाली. काचोंना दोन पेले चढले आणि ते मित्सुएच्या शेजारी येऊन बसले.

"कुरोतानी-सान, कुठे बोलायचं नाही हं. मुख्य कार्यालयाने बाहेरून कोणीतरी ठरवलंय. ते सोंग घेऊन येणार आणि सर्व्हर रूमपर्यंत पोचता येतं का बघणार."

"इनामी-सानना माहीत आहे?"

"त्यांनाच तर नाही सांगायचं. त्यांच्या नियमांचीच परीक्षा आहे. पास झाल्या तर पाटी त्यांची. नाही झाल्या, तर तुम्ही आहातच की." काचोंनी तिचा पेला भरला. "अहवालात नावं नसतात कोणाची. नुसतं कुठून कसं पोचलं तेवढं."

मित्सुए त्या संध्याकाळी घरी चालत गेली ती जवळजवळ गुणगुणत. जे तिला ठाऊक होतं ते त्या टोकियोवालीला ठाऊक नव्हतं. कित्येक महिन्यांत एवढा आनंद तिला झाला नव्हता.

जुलै म्हणजे भेटींचा महिना. केबलवाले, कागदवाले, एसीवाले, झाडून सगळे लाल-पांढऱ्या दोरीने बांधलेले डबे घेऊन वाकत वाकत येतात. आणि नेमका ह्याच महिन्यात इनामीने नियम काढला: डबा स्वागतकक्षातच ठेवायचा, आणणाऱ्यासमोर उघडायचा, न उघडलेलं काहीही वर न्यायचं नाही.

"उद्या माझ्या जेवणातला भातसुद्धा उपसून बघतील," ताबाता म्हणाला.

मित्सुए गोड आवाजात म्हणाली, "इनामी-सान, आमच्याकडे देणाऱ्याच्या तोंडावर भेट उघडत नाहीत. दुसऱ्याच्या नावाची तर नाहीच नाही. टोकियोत चालत असेल."

"खूप अवघड वाटतं, मला कळतं. माफ करा," इनामी म्हणाली आणि कमरेत वाकली. नियम मात्र तसूभरही हलला नाही.

तेव्हापासून मित्सुए येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवून होती. पाण्याचे कॅन आणणारा तिला संशयास्पद वाटला, एसी दुरुस्त करणारा वाटला, एका खऱ्याखुऱ्या पोस्टमनलाही तिने आपादमस्तक न्याहाळलं. आणि एका मंगळवारी ती जेवायला खाली उतरली, तर स्वागतकक्षात तो उभा. करड्या सुटातला, पन्नाशीचा माणूस. बूट कोरे. दोन्ही हातांत मिठाईचा डबा, वर सुरेख अक्षरांत मिझुकोशी काचोंचं नाव. आणि समोर इनामी, हसत, वाकत, जागची न हलता.

"इथेच उघडते, चालेल ना? आमचा नियम आहे, फार वाईट वाटतं सांगायला."

"पण काचोंच्या हाती न देता उघडायचं म्हणजे..." माणूस कानापर्यंत लाल झाला. "मग राहू दे. मी पुन्हा येईन."

मित्सुए जिथल्या तिथे थबकली. हाच तो, तिला वाटलं. कोरे बूट, घोकून आणल्यासारखं बोलणं, दुसरं कोण असणार? आणि पाठोपाठ दुसरा विचार आला, तो काळजात सुईसारखा टोचला: ही पोरगी पास होणार. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत पास होणार.

एवढ्यात इनामीचा फोन वाजला. ती माफी मागून कोपऱ्यात गेली, पाठ फिरवून. तो माणूस डबा छातीशी धरून दाराकडे निघाला होता. मित्सुए पुढे झाली आणि बाहेर फुटपाथवर त्याला गाठलं.

"आमची नवी माणसं, रीतभात समजत नाही त्यांना. मनावर घेऊ नका," ती वाकून म्हणाली. "द्या माझ्याकडे, काचोंच्या टेबलावर पोचवते."

त्याने डबा दिला. फार खोल वाकला तो, आणि निघून गेला. इनामी फोन संपवून आली तेव्हा मित्सुए मालाच्या दाराने डबा घेऊन वर पोचलीसुद्धा होती. छाती धडधडत होती, आणि खरं सांगायचं तर त्या धडधडीत मजाही होती.

काचो शुक्रवारपर्यंत ओसाकाला गेले होते, घर बघायला. डब्यावर चिठ्ठी होती: "थंड जागी ठेवावे." तिसऱ्या मजल्यावर त्या दिवसांत सर्वांत थंड जागा कुठली, हे काही सांगायला नको. आधीही कोणाकोणाचे पीच आणि पुडिंग तिथे मुक्कामाला राहून गेलेले. मित्सुएने कार्ड लावलं आणि डबा सर्व्हर रूमच्या मागच्या फळीवर ठेवला. आता अहवालात कसं छान येईल, तिने मनात मांडे खाल्ले. न उघडलेला डबा, थेट सर्व्हर रूममध्ये. नाव कोणाचंच नाही, नियम मात्र इनामीचा.

बुधवार, गुरुवार गेले. डबा फळीवर होता. दुसऱ्याच्या नावाचा डबा कोण उघडणार? ताबाता एकदा काही कामाने तिच्यासोबत आत आला तेव्हा नुसता वास घ्यायचा प्रयत्न करून म्हणाला, "योकान असणार. काचोंनी लवकर यावं बुवा." योकानच्या त्या घट्ट गोड वड्यांवर त्याचा जीव होता. इनामीचं दोन दिवस खालच्या लेबलछपाईत काम निघालं होतं. मित्सुए तिच्याशी एवढं गोड वागली, की इनामीने तिला विचारलं, "कुरोतानी-सान, आज काही खास आहे का?"

शुक्रवारी काचो आले आणि त्यांनी सगळ्यांना टेबलांभोवती उभं केलं. मित्सुएने जाकिटाची बटणं लावली.

"एक गोष्ट लपवली होती," काचो म्हणाले. "ह्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आपली परीक्षा झाली. पेयांचं मशीन भरायला एक बाई आली होती, आठवतं? ती जिन्यापर्यंत पोचली. तिथे इनामी-साननी तिला अडवलं, नाव विचारलं, तिच्या कंपनीला फोन लावला. मुख्य कार्यालय फार खूश आहे."

टाळ्या वाजल्या. मित्सुएचेही हात वाजत होते. ती बाई तिला आठवत होती. चहाच्या बाटल्या चुकीच्या खणात ठेवतेस म्हणून तिला हिनेच झापलं होतं. इनामी लाल होऊन सगळ्यांसमोर वाकत होती, काचो पाटीबद्दल काहीतरी बोलत होते, आणि मित्सुएला वाटलं, ही इथे आलीच नसती तर. एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण मत्सराच्या त्या उमाळ्याखालून एक थंड प्रश्न वर आला. परीक्षा पहिल्या आठवड्यात झाली. मग मंगळवारचा माणूस कोण?

"माझ्या नावाने काही आलंय म्हणे?" काचो विचारत होते.

"योकान," ताबाता म्हणाला. "कुरोतानी-साननी थंडाव्यात जपून ठेवलाय."

"मग आणा की. इनामी-सानच्या नावाने खाऊ या सगळे."

ताबाताने कागदी बश्या काढल्यासुद्धा. मित्सुए सर्व्हर रूमकडे चालत गेली. तिने कार्ड लावलं, दार मागे बंद झालं, आणि तिने फळीवरचा डबा उचलला. त्या गारठलेल्या खोलीत डब्याचा तळ कोमट होता.

योकान कोमट नसतो. मित्सुएने आयुष्य यंत्रांत काढलं होतं. चालू यंत्राची ऊब तिच्या हाताला लगेच कळली. डब्यात काहीतरी जागं होतं, आणि मंगळवारपासून जागं होतं.

तिला मार्ग लगेच सुचला, हेही सांगायला हवं. बाहेर जाऊन म्हणायचं, खराब झालं, वास मारतंय. डबा पिशवीत घालून घरी जाताना नदीत. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. तिने डबा काखेत मारलाही. पण दाराच्या कडीला हात लावल्यावर तिला खालच्या मजल्यावरची लेबलं दिसायला लागली. लहान मुलांच्या पुड्यांवर किती मात्रा, म्हाताऱ्यांच्या पुड्यांवर किती. ह्या डब्याने तीन दिवसांत कशाला हात लावलाय, काय चोरलंय, काय बदललंय? ते शोधायचं कसं, हे मित्सुएला येत नव्हतं. ह्या इमारतीत ते एकाच माणसाला येत होतं. त्या क्षणी तिला इनामीचा जितका राग आला, तितका तोवर कधी आला नव्हता.

तिने दार किलकिलं केलं. "इनामी-सान, जरा आत या."

इनामी हसतच आत आली. मित्सुएने डबा तिच्या हातांवर ठेवला. इनामीचं हसू मावळायला वेळ लागला नाही. तिने ती सुरेख दोरी सोडवत बसण्याऐवजी कात्रीने कापली. वरच्या थरात खरोखरच योकान होता, नीट मांडलेला. खाली चिकटपट्टीने बांधलेला फोन, दोन जाड बॅटऱ्या, आणि मिणमिणणारा हिरवा दिवा.

"आपलं वायफाय ऐकत बसलंय हे," इनामी पुटपुटली. "आणि ऐकलेलं बाहेर पाठवतंय." तिने आधी वायफाय बंद केलं, मग बाहेरची लाइन उपटली. दाराबाहेर एकदम गलका झाला, नेट गेलं, ऑर्डर अडकल्या, म्हणून. इनामीने तिकडे लक्षही दिलं नाही. ती गुडघ्यांवर बसून लॅपटॉपवर बघत राहिली, आणि मित्सुए तिच्या डोक्याकडे बघत उभी राहिली. बराच वेळ गेला.

"लेबलछपाईच्या यंत्रापर्यंत पोचलंय," ती शेवटी म्हणाली. "दार ठोठावत होतं. आत गेलेलं दिसत नाही अजून." मग तिने मान वर केली. "हे आत कोणी आणलं, कुरोतानी-सान?"

"मी."

"थंड राहावं म्हणून?"

"मुद्दाम," मित्सुए म्हणाली. "मला वाटलं परीक्षेचा माणूस आहे. तू खाली त्याला अडवलंस, मी तुझ्या पाठीमागून डबा घेऊन आले. तू नापास व्हावीस म्हणून." इतके दिवस जपलेलं 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं.

इनामीने लॅपटॉप मिटला. ती चिडली असेल, घाबरली असेल. मग तिने श्वास घेतला आणि तिच्या त्या एवढ्याशा आवाजात म्हणाली, "बाहेर विचारतील. आपण सांगू, मिठाई खराब होऊ नये म्हणून ठेवली. सगळेच ठेवतात. तुमच्याबद्दल कोणी दुसरं काही मनातही आणणार नाही."

किती सोपं होतं. मित्सुएने हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. आणि तिच्या डोळ्यांसमोर पुढच्या सगळ्या सकाळी आल्या: लिफ्ट उघडतेय, ही बाहेर येतेय, हसून वाकतेय, आणि आपण हिच्या उपकाराखाली वाकतोय. पाटी हिची, शाबासकी हिची, ते ठीक. पण मोठं मनही हिचंच? एवढं मात्र मी हिला घेऊ देणार नाही, मित्सुएने ठरवलं. पश्चात्ताप बिश्चात्ताप नंतर आला असेल. बाहेर तिला नेलं ते मत्सराने.

सगळे अजून टेबलांभोवतीच होते. ताबाताच्या हातात बश्या होत्या.

"काचो," मित्सुए खणखणीत आवाजात म्हणाली, "डब्यात चोराचं यंत्र होतं. इनामी-साननी तो खालीच अडवला होता. मी तो मुद्दाम वर आणला. त्यांची फजिती व्हावी म्हणून आणला. त्यांचं बरं झालेलं मला बघवत नाही, म्हणून आणला."

ताबाताने बश्या हळूच खाली ठेवल्या. मित्सुए वाकली, पाठ आडवी होईपर्यंत, आणि तशीच राहिली. तिथून तिला नुसते लोकांचे बूट दिसत होते. मग इनामीचे ते मऊ बूट चालत आले आणि तिच्या बुटांशेजारी उभे राहिले.

"नियम माझा होता आणि मी फोन घ्यायला पाठ फिरवली," इनामीचा आवाज आला. "चूक माझीही आहे." आणि तीही वाकली.

माफी मागतानाही शेजारी येऊन उभी राहिलीच, मित्सुएच्या मनात आलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्या रागानेच, असं ती अजून म्हणते.

पोलीस आले, आठवडाभर सगळ्यांचे पासवर्ड बदलले गेले, लेबलं एकेक करून तपासली. काही बदललेलं नव्हतं. तो माणूस सापडला नाही. मित्सुएला काढून टाकलं नाही, कारण तिने वेळेवर सांगितलं म्हणून निभावलं, असं काचोंनी वर लिहिलं. तिचं कार्ड काढून घेतलं आणि तिला खाली स्वागतकक्षात बसवलं, भेटी उघडायला.

हे काम तिच्याइतकं चोख कोणी केलं नसतं. ती देणाऱ्यासमोर अशा अदबीने दोरी सोडवते, की देणाराच माफी मागतो. डबा उचलून आधी तळाला हात लावते. थर काढून बघते, परत रचते, आणि गाठ दुकानदाराहून सुबक बांधते. कोरे बूट घालून येणाऱ्यांशी ती जरा जास्तच गोड बोलते.

डिसेंबरात, पहिला बर्फ पडला त्या दिवशी, एक पेटी आली. वर नाव होतं "काकारिचो साओरी इनामी", काचोंच्या खालोखालचा हुद्दा. मित्सुएने ते नाव दोनदा वाचलं. मग पेटी उघडली, एकेक फळ हातात घेऊन बघितलं, आणि झाकण लावलं.

इनामी स्वतःच खाली आली. "काय आहे, कुरोतानी-सान?"

"सफरचंदं. चांगली आहेत."

"जड दिसतेय पेटी. वर येता का माझ्याबरोबर? सगळे विचारत असतात तुम्हाला." ती थांबली. "पाटी अजून कोरीच आहे. मी नाव लावू दिलं नाही."

मित्सुएने तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी खरंच चांगली होती, आणि तेच सोसत नव्हतं.

"लावून घ्या," ती म्हणाली. "कोरी पाटी बघून कोणीही आत शिरेल. आणि मला वर यायचं कार्ड नाही. नियम तुमचाच आहे."

इनामी वाकली, पेटी उचलून लिफ्टमध्ये शिरली. दार मिटलं. वरचा आकडा दोनवर गेला, तीनवर जाऊन थांबला. मित्सुए तेवढा वेळ बघत राहिली, मग तिने पुढचा डबा ओढून घेतला आणि त्याच्या तळाला हात लावला.